देव मानत नसाल आणि शिक्षण घरच्यांच्याच आधारावर चालू असेल तर

श्रावण लागला की माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येणारी मुलं वाढतात. मी तालुक्याच्या गावात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. प्रॅक्टिकल संपून बाकीचे निघून गेले की कुणीतरी ब्युरेट धुण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळतं आणि विचारतं, "मॅडम, तुम्ही खरंच देव मानत नाही? मग घरी कसं निभावता?" पहिल्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. दुसऱ्याला तास पुरत नाही, म्हणून सगळं एकदा लिहून काढते आहे.

देव आहे की नाही हा वाद मी इथे घालणार नाही. तो विचार तुमचा तुम्ही पुरेसा वेळ घेऊन केलाय असं धरून चालते. पुढचा प्रश्न रोजच्या जगण्याचा आहे. फी वडील भरतात, डबा आई करते, सुट्टीत त्याच घरी जायचं असतं, आणि त्या घरात वर्षभर देवाचं काही ना काही चालूच असतं.

माझं घर माळशिरस तालुक्यातलं, वारकऱ्यांचं. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, गळ्यात तुळशीची माळ. आषाढात माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामाला आली की आमच्या वस्तीवर एक दिंडी जेवायला असते, आजही असते. आपला देवावर विश्वास उरलेला नाही, हे मला बारावीत नक्की कळलं. त्यानंतरही मी त्याच घरात राहिले, त्याच घराच्या पैशांवर पुण्यात शिकले आणि आजही दर सणाला तिथेच जाते. त्यामुळे जे सांगणार आहे ते घर सोडून निघून गेलेल्या माणसाचं नाही.

आधी स्वतःशी ठरवा

घरात बोलायच्या आधी एका कागदावर लिहा: कशाला नाही म्हणायचंय आणि कशाला नाही म्हणायची गरज नाही. हे न करता जी मुलं बोलायला जातात ती पहिल्याच दिवशी प्रसादाच्या शिऱ्यावरून भांडतात आणि खरी गोष्ट बाजूला राहते.

मी प्रसाद खाते. गोड आहे, आईने केलाय, एवढं पुरतं. आज्जीच्या पाया पडायचे, कारण ती माझी आज्जी होती. दारात रांगोळी काढते. पूजेला बसत नाही, संकल्प सोडत नाही, उपास करत नाही, नवस बोलत नाही आणि माझ्या नावाने कुणी बोललाच तर तो फेडायला जात नाही. ही माझी यादी झाली, तुमची वेगळी असेल. कुणाला आरतीला नुसतं उभं राहायलाही जड जातं, कुणाला टाळ वाजवायला मनापासून आवडतो.

काही गोष्टींवर मात्र माघार घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. शरीराला अपाय होत असेल, म्हणजे औषध बंद करून अंगारा चालू केलाय किंवा परीक्षेच्या आठवड्यात निर्जळी उपास करायला लावलाय. शिक्षणाच्या पैशांतून ग्रहशांती आणि नारायण नागबळीचा खर्च निघत असेल. आणि तिसरं, तुमच्या हातून दुसऱ्याचा अपमान होत असेल: मैत्रिणीला जातीवरून स्वयंपाकघराबाहेर बसवायचं, वहिनीला पाळीत शिवायचं नाही. बाकी ठिकाणी नमतं घेतलं तरी चालतं. या ठिकाणी नमतं घेतलं तर आपण नक्की कशासाठी विचार केला होता, हा प्रश्न स्वतःलाच पडतो.

कुणाला, कधी, कोणत्या शब्दांत

सणाच्या दिवशी सांगू नका. गुरुजी आलेत, चौरंग मांडलाय, आत्या-मामा जमलेत आणि तुम्ही म्हणताय की मी बसणार नाही. अशा वेळी आईवडिलांपुढे धर्माचा प्रश्न नसतोच, चार लोकांत मान खाली गेल्याचा असतो. फोनवर सांगू नका. दोघांनाही एकदम सांगू नका. घरात जो जास्त ऐकून घेतो त्याला एकट्याला गाठा, निदान आठवडाभर आधी.

मी अण्णांना गोठ्यात सांगितलं. पालखी यायला अजून अवकाश होता, पहाटेची वेळ, ते धार काढत होते. म्हटलं, "अण्णा, यंदा दिंडीच्या आरतीला मी पुढं उभी राहणार नाही. माझा त्यावर विश्वास राहिला नाही. जेवणाचं सगळं मी बघते. पिठलं माझ्याकडं." चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज थांबला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आईला इतक्यात सांगू नगंस. पालखी जाऊ दे." आणि पुन्हा धार काढायला लागले. त्या एका वाक्यात ते माझ्या बाजूला आले होते, हे मला पुढे उमगलं. आईने मात्र कळल्यावर बरेच दिवस माझ्याशी मोजकंच बोलणं ठेवलं. तेही सोसावं लागतं. तिने आयुष्यभर ज्याच्या आधाराने दिवस काढले ते तिच्या लेकीला नको झालंय, हे तिच्या मनाला लागणारच.

वाक्य लहान ठेवा आणि स्वतःबद्दल बोला. "मला हे पटत नाही, मी पूजेला बसणार नाही. बाकी काय काम असेल ते सांगा." एवढं बास. "तुमचं सगळं थोतांड आहे" हे वाक्य कितीही खरं वाटलं तरी तोंडातून काढू नका. का पटत नाही असं विचारलं तर उत्तर द्या, विचारलं नाही तर व्याख्यान देऊ नका. "आमच्या संस्कारात काय कमी पडलं?" हा प्रश्न हमखास येतो. त्याला माझं उत्तर असं होतं: खोटं बोलायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत, म्हणून खोटे हात जोडत नाही.

सबबी सांगू नका. पोट दुखतंय, असाइनमेंट आहे, ट्रेनचं तिकीट मिळालं नाही. प्रत्येक सणाला नवी सबब शोधावी लागते आणि एक दिवस सगळ्या उघड्या पडतात. मुलींना तर एक सबब तयारच मिळते. "मला अडचण आहे" म्हटलं की पूजेतून सुटका, पुढे कुणी काही विचारतही नाही. मी ती कधी वापरली नाही आणि तुम्हीही वापरू नये असं मला कळकळीने वाटतं. पाळीत बाई अशुद्ध असते हा समजच आपल्याला मान्य नाही, मग त्याच समजाच्या आडोशाला का जायचं?

काम अंगावर घ्या

आपल्याकडच्या घरगुती धर्मात मंत्र थोडे आणि राबणं फार असतं. सत्यनारायणाला गुरुजी दोन तास बसतात, पण आदल्या दिवशीपासून सतरंज्या आणायच्या, केळीचे खांब बांधायचे, सव्वाच्या मापाने रवा, साखर, तूप काढून ठेवायचं, पन्नास माणसांच्या चहाचं बघायचं. जो या कामात दिसतो त्याचं घरातलं स्थान हलत नाही. पूजेला न बसणारा मुलगा खोलीत मोबाईल घेऊन लोळत असेल तर त्याची नास्तिकता आळस वाटते. तोच घामाघूम होऊन खुर्च्या लावत असेल तर मामासुद्धा म्हणतो, "जाऊ दे, त्याचं डोकं वेगळं आहे, पोरगं गुणी आहे."

दिंडीच्या दिवशी मी चुलीपुढे असते. बेसन आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं, फोडणीच्या उकळत्या पाण्यात एका हाताने धार सोडायची, दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं, थांबलं की गुठळ्या. शंभर-सव्वाशे माणसांचं पातेलं असलं की खांदा भरून येतो. पंगतीत वाढताना एखादी म्हातारी माझे हात धरून "माउली" म्हणते. मी तिला काही समजावत बसत नाही. ती कोसच्या कोस चालून आली आहे, तिला गरम भाकरी हवी आहे.

मुलींनो, तुमच्या बाबतीत हा सल्ला जसाच्या तसा लागू होत नाही. काम तुमच्या वाट्याला आधीच आलेलं असतं. नास्तिक झालात तरी मोदक तुम्हीच वळायचे आणि भांडीही तुमच्याचकडे. तुम्ही आणखी काम मागू नका. आहे ते भावासोबत वाटून घ्या, तो आस्तिक असो की नास्तिक. आणि भाऊ हे वाचत असेल तर त्याने स्वतःहून उठावं.

दुसरं एक सांगते, विशेषतः ज्यांची घरं वारकरी आहेत त्यांना. आपल्या माणसांशी बोलायला परकी भाषा लागत नाही. नवसाबद्दल तुकोबा काय म्हणून गेलेत ते अण्णांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन देवापुढच्या कोंबड्या-बकऱ्यांबद्दल आणि सण साजरे करण्यासाठी काढलेल्या कर्जाबद्दल काय सांगितलं, ते आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. ते दोघे नास्तिक नव्हते, आणि त्यांना ओढून आपल्या बाजूला आणूही नये. पण नवस, बळी, उसनवारीचा खर्च यांना विरोध करायला देव सोडावा लागत नाही, हे घरच्यांना आधीच मान्य असतं. तिथे तुम्ही आणि अण्णा एकाच बाजूला असता.

मुलींची गणितं वेगळी

मुलाने देव मानला नाही तर तो "बंडखोर" ठरतो, मुलीने मानला नाही तर ती "हाताबाहेर गेली". पुढचं वाक्य बहुतेक वेळा लग्नाचं असतं. म्हणून बारावीत असाल, घरात स्थळांची कुजबुज चालू असेल आणि कॉलेज बंद होण्याची भीती असेल, तर सध्या गप्प राहणं हाच शहाणपणा आहे. मनात काय मानायचं हे तुमचं तुमच्यापाशी सुरक्षित आहे. आधी पदवी, नोकरी, स्वतःच्या नावाचं बँक खातं. हा भित्रेपणा आहे असं कुणी म्हणेल, विशेषतः वसतिगृहातली मुलं म्हणतील. त्यांच्या शिक्षणावर गदा येणार नसते. अठराच्या आत लग्न ठरवत असतील तर मात्र गप्प राहू नका, १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर फोन करा.

हरतालिका, सोळा सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्राचे नऊ दिवस. उपासाला थेट नकार देता येत नसेल तर आईला सोबत घेऊन रक्त तपासून घ्या. आपल्याकडे मुलींमध्ये रक्त कमी असणं इतकं सरसकट आहे की डॉक्टरच सांगतात, उपाशी राहायचं नाही. आईला डॉक्टरांचं ऐकायला कमीपणा वाटत नाही.

कॉलेज आणि वसतिगृह

इथे घरापेक्षा सोपं आहे, कारण कायदा स्वच्छ आहे. संविधानाचा अनुच्छेद २५ सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतो. ते धर्म मानणाऱ्याचं आहे तसं न मानणाऱ्याचंही आहे. अनुच्छेद २८ सांगतो की पूर्णपणे सरकारी पैशांवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. त्याच अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडाप्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत, आणि संस्थेला जोडलेल्या जागेतही, कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. मात्र तुम्ही अठराच्या आत असाल तर संमती पालकांची धरली जाते. म्हणजे अकरावीतल्या मुलाला आधी घरीच बोलावं लागणार.

नाशिकमधल्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला म्हणून त्याची वेतनश्रेणी अडवली गेली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. त्याआधी १९८६ मध्ये केरळातल्या तीन भावंडांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की राष्ट्रगीताला आदराने उभं राहिलं तर पुरे, श्रद्धेच्या कारणाने कुणाला ते गायचं नसेल तर शाळेतून काढता येत नाही. त्या मुलांची धर्मश्रद्धा फार पक्की होती. त्यांनी मिळवलेला हा हक्क आपल्यालाही उपयोगी पडतो.

मी पुण्यात ज्या वसतिगृहात होते तिथे सायंप्रार्थना सक्तीची होती. गैरहजर मुलीला उशिरा येण्याची परवानगी मिळत नसे, आणि लायब्ररी रात्री नऊपर्यंत उघडी असताना आम्हाला साडेसातला परतावं लागे. मी तोंडी वाद न घालता अर्ज दिला. तुम्हाला हवा असेल तर मजकूर असा ठेवा:

"मा. वसतिगृह अधीक्षक यांस, विषय : सायंप्रार्थनेतून सूट मिळणेबाबत. महोदय/महोदया, मी आपल्या वसतिगृहात राहत आहे. माझी कोणत्याही धर्मावर श्रद्धा नसल्याने प्रार्थनेत सहभागी होणे माझ्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २८(३) नुसार मला यातून सूट मिळावी, ही नम्र विनंती. प्रार्थनेच्या वेळेत मी अभ्यासिकेत शांत बसेन व वसतिगृहाचे इतर सर्व नियम पाळेन."

दोन प्रती काढा, एक द्या, दुसरीवर तारीख आणि सही-शिक्क्याची पोच घ्या. ती पोच जपून ठेवा. पोच मागितली की माणसांचा सूर बदलतो, हे मी पाहिलंय. मला सूट मिळाली, लेखी नाही, पण हजेरीच्या वहीत माझ्या नावापुढे काही लिहिणं बंद झालं.

गणपतीची वर्गणी ऐच्छिक असते. द्यायची नसेल तर नाही म्हणा, द्यायची असेल तर पावती घ्या. मंडळातल्या मुलांशी उगाच वाकडं घ्यायचं नसेल तर रक्तदान शिबिराला, निर्माल्य गोळा करायला, मिरवणुकीनंतरच्या सफाईला जा. तिथे हात कमीच पडतात. खंडेनवमीला प्रयोगशाळेत यंत्रांना हळदकुंकू लावतात तेव्हा मी दाराशी उभी राहते. एकदाच एका गोष्टीवर अडून बसले: तराजूच्या तबकडीला कुंकू लावू देणार नाही, वजन चुकतं. प्राचार्यांना ते लगेच पटलं.

दाखले आणि फॉर्म

"धर्म" या रकान्यात काय लिहू, हे मुलं फार उत्साहाने विचारतात. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं आहे की शासन कुणालाही फॉर्मवर धर्म जाहीर करायला भाग पाडू शकत नाही आणि "कोणताही धर्म नाही" असं सांगण्याचा अधिकार व्यक्तीला आहे. तामिळनाडूतल्या एका वकील बाईंनी तर २०१९ मध्ये जात नाही, धर्म नाही असं प्रमाणपत्रच मिळवलं.

तरीही माझं सांगणं आहे, घाई करू नका. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. शीख १९५६ मध्ये आणि बौद्ध १९९० मध्ये त्यात आले. तुमची शिष्यवृत्ती, प्रवेश, जात पडताळणी या दाखल्यावर उभी असेल तर "निधर्मी" लिहिण्याची किंमत तुम्हाला जितकी मोजावी लागेल तितकी माझ्यासारख्या मराठा घरातल्या मुलीला कधीच मोजावी लागणार नव्हती. अनुसूचित जमातीला ही धर्माची अट नाही, पण पडताळणीत जुने शाळेचे दाखले तपासतातच. दाखल्यावर काही लिहिलेलं असणं म्हणजे तुम्ही ते मानता असं प्रतिज्ञापत्र नव्हे. आणि देव मानत नाही म्हणून जात संपत नाही. गावात घर विचारणारा तुमचा देव विचारत नाही, आडनाव विचारतो. खुल्या वर्गातल्या नास्तिक मुलांनी हे वसतिगृहाच्या चर्चांमध्ये विसरू नये.

घर हिंदू नसेल तर

बौद्ध घरातलं पोर "मी काहीच मानत नाही" म्हणतं तेव्हा वडिलांना ते १९५६ च्या दीक्षाभूमीकडे पाठ फिरवल्यासारखं वाटतं. त्यांच्यासाठी तो माणूस म्हणून उभं राहण्याचा दिवस आहे. त्यामुळे तिथे बोलताना देवाचा विषयच काढायची गरज नाही, तो तर त्यांनी आधीच सोडलाय. वंदनेला हात जोडायचे की नाही, एवढंच बोलायचं असतं.

मुस्लिम घरातल्या मुलामुलींना माझा सल्ला जास्त सावधगिरीचा आहे. घर सुटलं तर मोहल्लाही सुटतो, आणि बाहेर भाड्याची खोली आडनाव बघून नाकारली जाते. शिवाय तुम्ही धर्म सोडला म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या काहींना तुमच्या विचाराशी काही घेणंदेणं नसतं, त्यांना तुमच्या आईवडिलांचा द्वेष करायला साक्षीदार हवा असतो. ती साक्ष देऊ नका. महाराष्ट्रात या वाटेवर आधी चाललेली माणसं आहेत: हमीद दलवाई यांनी १९६६ मध्ये मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. त्यांनी आपल्या समाजातल्या बायकांच्या तलाकच्या प्रश्नापासून सुरुवात केली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

फोनवर काय टाकायचं

सणाच्या दिवशी देवाची टर उडवणारं मीम स्टेटसला ठेवू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९, म्हणजे जुनं २९५अ, धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं. शेवटी निर्दोष सुटलात तरी मधली वर्षं, पोलीस ठाण्याच्या फेऱ्या आणि पासपोर्टची पडताळणी सगळं तुमच्याच माथी. कायद्यापलीकडेही धोका आहे. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या, २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरेंना. त्या दोघांनी कुणाची टिंगल केली नव्हती. त्यांच्या आधी सव्वाशे वर्षं समाजसुधारक आगरकरांनी याच पुण्यात विरोधकांनी काढलेली स्वतःची प्रेतयात्रा जिवंतपणी पाहिली होती. हे भीती घालायला सांगत नाही. लिहायचं असेल तर अभ्यास करून, नावानिशी, शांतपणे लिहा, आणि शिक्षण चालू असेपर्यंत आपण एकटे नाही ना, हे बघून लिहा.

घरात बाबा-बुवा आला तर

इथे गप्प राहायचं नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे मार्क घसरले, चक्कर यायची, झोप लागत नव्हती. घरच्यांनी करणी ठरवली आणि उतारा करणाऱ्याला बरेच पैसे मोजले. तिने मला सांगितलं. मी तिच्या आईला भेटले, करणीबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त म्हटलं की ते चालू द्या, सोबत एकदा रक्त तपासू. हिमोग्लोबिन सात निघालं. गोळ्या सुरू झाल्या, मनगटावरचा दोरा आईच्या समाधानासाठी राहिला. दोरा राहिला म्हणून माझं काही बिघडलं नाही.

पण भूत उतरवायचं म्हणून मारहाण, साखळीने बांधणं, औषधोपचार थांबवणं, अंगाला हात लावणं असं काही होत असेल तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, पाच ते पन्नास हजार दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. पूजा, कीर्तन, वारी, सत्यनारायण यांना हा कायदा हात लावत नाही, हे घरच्यांना आवर्जून सांगा, कारण त्यांना उलटं सांगितलेलं असतं. १९८९ पासून काम करणाऱ्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या शाखा बऱ्याच तालुक्यांत आहेत. तिथे देव मानणारे कार्यकर्तेही भेटतील. तातडीचं असेल तर पोलिसांच्या मदतीसाठी ११२.

मयत

याचा विचार कुणी आधी करत नाही आणि वेळ आली की डोकं चालत नाही. माझा एक जुना विद्यार्थी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना त्याचे वडील गेले. थोरला मुलगा, म्हणजे अग्नी, मुंडण, पिंड, सगळं त्याच्यावर. त्याने चुलत्याला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, अग्नी मी देतो. केस काढणार नाही, पिंडाला तुम्ही बसा." चुलता आधी चिडला, मग बसला. कावळा शिवेपर्यंत मुलगा नदीकाठी सगळ्यांबरोबर थांबून होता. तेरा दिवस त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बघितलं, ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला आणला, सातबाऱ्यावर वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे दिला, बँकेत आईला घेऊन गेला. भावकीत पुढे बोलणं झालं ते या कामांचं. आता बऱ्याच गावांत राख नदीत न सोडता शेतात खड्ड्यात घालून वर आंब्याचं, चिंचेचं रोप लावतात. हे सुचवलं तर आस्तिकही तयार होतात. पण आई म्हणाली की नदीतच सोडायची, तर नदीत सोडा. त्या दिवशी दुःख तिचं मोठं आहे.

सोबत

२०११ च्या जनगणनेत धर्म सांगितलाच नाही अशी सुमारे २९ लाख माणसं आहेत. सगळीच नास्तिक असतील असं नाही, पण तुमच्या कॉलेजात तुम्ही एकटेच असण्याची शक्यता कमी आहे. ग्रंथालयात, वादविवाद स्पर्धेत, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात अशी मुलं सापडतात. फक्त नास्तिकांचाच गट करून बसू नका. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण दर गुरुवारी दत्ताला जाते. माझी नोकरी लागेपर्यंत खोलीचं भाडं तिने भरलं. घरचा अबोला लांबला, रात्री एकटं वाटून नको ते विचार यायला लागले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तिथे कुणी तुमची श्रद्धा विचारत नाही.

आणि धाकटी भावंडं. तुम्हाला बघून नववीतला भाऊ देव्हाऱ्यापुढे उभा राहायला नकार देतो आणि आई तुम्हाला बोल लावते, "स्वतः गेलीस ती गेलीस, त्याला कशाला नेतेस?" त्याच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्या, वाचायला पुस्तकं द्या, पण त्याच्या वतीने आईशी भांडायला जाऊ नका. त्याचं अजून ठरलेलं नाही; कदाचित तो उद्या माळही घालेल, तो त्याचा हक्क आहे. ठरलंच तर त्याचं तो सांगेल, त्या दिवशी मात्र तुम्ही घरी असा आणि त्याच्या शेजारी बसा.